गावच्या मॅरेथॉनमधील विजेत्यांच्या वेळा: यादी कशी तयार करावी आणि ती आरोग्यासाठी कशी वाचावी?

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा, धडगाव, कुठेही पहाटे बाहेर पडलात तर रस्त्यावर धावणारी मुले-मुली दिसतात. कुणी पोलीस भरतीच्या १६०० किंवा ८०० मीटरची तयारी करत असतो, कुणाला शाळेच्या स्पर्धेत नंबर काढायचा असतो, तर कुणी साखर आणि रक्तदाब आटोक्यात राहावा म्हणून चाळिशीनंतर धावायला लागलेला असतो. स्पर्धा झाली की क्रीडाशिक्षक किंवा मंडळाचे कार्यकर्ते विजेत्यांच्या वेळा वहीत उतरवतात. काही वर्षांनी त्याच वहीतून ‘आजवरचे सर्वांत वेगवान धावपटू’ अशी यादी तयार होते आणि घरोघरी फिरते.

यादी हातात आली की दवाखान्यात प्रश्न येतात. “पहिला आलेला मुलगा ३५ मिनिटांत धावला, आमच्या मुलाला ५५ लागतात. त्याच्यात काही कमी आहे का?” “माझ्या सिकलसेल तपासणीत ‘एएस’ आले आहे, मी स्पर्धेत उतरू का?” “वडील ५२ वर्षांचे आहेत, मागच्या वर्षीची वेळ गाठायचीच म्हणतात. काय करू?” या प्रश्नांची उत्तरे देण्याआधी ती यादी नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हे समजून घ्यावे लागते.

आधी अंतर पाहा

आपल्याकडे रस्त्यावरच्या कुठल्याही स्पर्धेला सरसकट ‘मॅरेथॉन’ म्हणतात. प्रत्यक्षात मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हे अंतर प्रथम १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावले गेले आणि १९२१ मध्ये ते अधिकृत ठरले. अर्धमॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. ‘मॅरेथॉन १६ मिनिटांत जिंकली’ असे कुणी सांगितले तर ती बहुधा ५ किलोमीटरची दौड असते.

अंतर कसे मोजले, हेही पाहावे लागते. मोटारसायकलच्या मीटरवर किंवा मोबाईलवर मोजलेले १० किलोमीटर प्रत्यक्षात साडेनऊ असू शकतात. अधिकृत मोजणी खास मीटर बसवलेल्या सायकलवरून, धावपटू घेऊ शकेल त्या सर्वांत जवळच्या मार्गाने करतात. रस्ता कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरतात. म्हणजे पूर्ण मॅरेथॉनमध्ये सुमारे ४२ मीटर जादा. अंतर मोजलेले नसेल तर यादीत तसे लिहावे. अर्धा किलोमीटर कमी असलेल्या रस्त्यावरची वेळ पाहून पूर्ण अंतराचा सराव आखला की शरीरावर फुकटचा ताण येतो.

माणूस तोच, वेळ वेगळी

नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत आपल्या आदिवासी भागातील मुलामुलींना चांगल्या ठाऊक आहेत. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांनी २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत मॅरेथॉन जिंकली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांची वेळ होती २ तास ५९ मिनिटे २९ सेकंद. धावपटू तीच, अंतर तेच, मधे फक्त सहा महिने आणि फरक जवळजवळ २१ मिनिटांचा.

वर्षानुवर्षे शिस्तीने सराव करणाऱ्या आंतरराष्ट्रीय खेळाडूच्या वेळेत दिवसागणिक एवढा फरक पडत असेल, तर तुमच्या मुलाच्या एका दिवसाच्या वेळेवरून त्याच्या तब्येतीचा निकाल लावता येत नाही. ऊन, दमट हवा, झोप, प्रवास, पोटाची तक्रार, मासिक पाळी, आठवड्यापूर्वी येऊन गेलेला ताप, अशा अनेक गोष्टींनी वेळ बदलते.

यात सर्वांत मोठा वाटा उष्णतेचा असतो. धावताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिच्यातील बराच मोठा भाग उष्णता म्हणून बाहेर पडतो. ती बाहेर टाकण्यासाठी रक्त कातडीकडे वळते, घाम येतो आणि स्नायूंना मिळणारे रक्त कमी होते. मॅरेथॉनच्या उत्तम वेळा साधारण १० ते १२ अंश तापमानात लागतात, असे अभ्यासांतून दिसले आहे. तापमान वाढले की सगळ्यांचाच वेग कमी होतो. मागे धावणाऱ्यांचा तो जास्त कमी होतो, कारण ते उन्हात जास्त वेळ असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांवर जातो. त्यामुळे जानेवारीच्या पहाटेची वेळ आणि मार्चमधल्या सकाळी नऊची वेळ एकाच रकान्यात लिहिणे चुकीचे आहे.

चढ, उतार आणि घाट

२०११ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये केनियाचा जेफ्री मुताई २ तास ३ मिनिटे २ सेकंदांत धावला. तोवर कुणीही इतक्या वेगाने मॅरेथॉन धावले नव्हते. तरीही तो जागतिक विक्रम मानला गेला नाही, कारण बोस्टनचा रस्ता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो आणि नियमापेक्षा जास्त उतरतो. विक्रमासाठी दर किलोमीटरमागे सरासरी एक मीटरपेक्षा जास्त उतार चालत नाही.

हाच नियम आपल्या यादीलाही लावा. तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. तिथून खाली उतरणारी दौड आणि नंदुरबार शहरातील सपाट रस्त्यावरची दौड यांची तुलना होत नाही. साताऱ्याची हिल मॅरेथॉन यवतेश्वरचा घाट चढते. तिथली वेळ मुंबईच्या अर्धमॅरेथॉनशेजारी मांडली तर साताऱ्याचा धावपटू विनाकारण मंद वाटेल.

आरोग्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट. उतारावर वेळ चांगली लागते, पण मांडीच्या पुढच्या स्नायूंवर आणि गुडघ्यांवर मार जास्त बसतो. ‘घाटात विक्रम केला’ म्हणणारा मुलगा दोन दिवसांनी जिना उतरताना कण्हतो, ते यामुळेच.

पहिल्या नंबरची वेळ दरवर्षी का सुधारते?

मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली. त्या पहिल्या वर्षी दक्षिण आफ्रिकेचा हेंड्रिक रामाला २ तास १५ मिनिटे ४७ सेकंदांत जिंकला. २०२३ मध्ये इथिओपियाच्या हेले लेमीने २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांचा स्पर्धाविक्रम केला. सव्वाआठ मिनिटांची ही सुधारणा झाली म्हणून मुंबईकरांची हृदये वीस वर्षांत तेवढी बळकट झाली, असे कुणी म्हणणार नाही. पहिली स्पर्धा फेब्रुवारीत होती, नंतर ती जानेवारीत होऊ लागली. बक्षिसे वाढली, जगभरचे तगडे धावपटू येऊ लागले आणि २०१७ नंतर जाड तळव्याचे, आत कार्बनची पट्टी असलेले बूट आले. या बुटांच्या तळव्याची जाडी ४० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, असा नियम पुढे २०२० मध्ये करावा लागला.

साधी आकडेवारीही यामागे असते. ८० जणांतला सर्वांत वेगवान आणि ३०० जणांतला सर्वांत वेगवान यांत दुसरा बहुधा जास्त वेगवान निघतो. लोक तेच असले तरी संख्या वाढली की टोकाचा माणूस सापडण्याची शक्यता वाढते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या गावातील १० किलोमीटरच्या स्पर्धेत पहिल्या वर्षी ८० जण धावले. पहिल्या क्रमांकाची वेळ ३५ मिनिटे, सगळ्यांची मधली वेळ ६१ मिनिटे आणि दोघे वाटेत थांबले. चौथ्या वर्षी ३०० जण धावले. पहिल्याची वेळ ३४ मिनिटे, मधली वेळ ६८ मिनिटे आणि १९ जण वाटेत थांबले किंवा चक्कर येऊन बसले. ‘नवा विक्रम’ म्हणून फलक लागेल. पण वाटेत थांबणाऱ्यांचे प्रमाण शंभरात अडीचवरून सहाच्या वर गेले आहे. आयोजकांनी आणि डॉक्टरांनी पाहायचा आकडा हा आहे.

यादी तयार करताना काय काय लिहावे?

शाळा, मंडळ किंवा तरुणांचा गट जुन्या वेळा जमवत असेल तर प्रत्येक वर्षासाठी पुढील गोष्टी नोंदवाव्यात:

- स्पर्धेची तारीख, सुरू होण्याची वेळ, आणि सुरुवातीचे व शेवटचे तापमान.
- अंतर, ते कसे मोजले, आणि रस्ता सपाट, चढाचा की उताराचा.
- वेळ शिट्टीपासून धरली की धावपटूने प्रत्यक्ष रेषा ओलांडल्यापासून. गर्दीत मागे उभ्या असलेल्या माणसासाठी यात काही मिनिटांचा फरक पडतो.
- पुरुष आणि महिला यांच्या वेगळ्या याद्या, आणि वयोगट.
- फक्त पहिला नव्हे, तर पहिल्या दहांच्या वेळा आणि शक्य असल्यास सर्वांची मधली वेळ.
- किती जणांनी सुरुवात केली, किती पोहोचले, किती वाटेत थांबले, किती जणांना उपचार लागले.

जुनी माहिती प्रमाणपत्रे, बिब नंबरच्या याद्या, वर्तमानपत्रांची कात्रणे आणि शाळेच्या वार्षिक अहवालांतून मिळते. दोन ठिकाणी वेगवेगळी वेळ असेल तर दोन्ही लिहाव्यात. सोयीची निवडू नये. अंतर किंवा वेळ खात्रीची नसेल तिथे तशी खूण करावी.

एक पथ्य कटाक्षाने पाळा. यादीत नाव, वेळ आणि वयोगट चालेल. कुणाचा आजार, सिकलसेलचा निकाल किंवा हिमोग्लोबिन नको. ‘अमुक चक्कर येऊन पडला’ असे नावानिशी लिहिल्याने पुढच्या वर्षी त्रास लपवणाऱ्यांची संख्या वाढते. उपचार लागलेल्यांचा फक्त आकडा लिहावा.

महिलांची आणि वयाची यादी वेगळी का?

उत्तम सराव असलेल्या पुरुष आणि महिला धावपटूंच्या वेळेत साधारण १० ते १२ टक्क्यांचा फरक असतो. महिलांमध्ये हिमोग्लोबिन थोडे कमी असते, हृदयाचा आकार लहान असतो आणि स्नायूंचे प्रमाण कमी असते. हा आजार नाही, ही शरीररचना आहे. मुलीची वेळ भावाच्या वेळेशी ताडून पाहू नका.

वयाचेही तसेच. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तिशीनंतर हळूहळू कमी होते. बसून काम करणाऱ्यांत दर दहा वर्षांना ती सुमारे १० टक्क्यांनी घटते. नियमित व्यायाम करणाऱ्यांत ही घट बरीच कमी असते. म्हणून ५२ वर्षांच्या वडिलांनी आपली वेळ २५ वर्षांच्या विजेत्याशी नव्हे, तर स्वतःच्या मागच्या महिन्याच्या वेळेशी ताडून पाहावी.

मात्र सराव तोच असताना एखाद्याची वेळ काही आठवड्यांत सतत घसरत असेल, पूर्वी सहज होणाऱ्या अंतराला धाप लागत असेल, तर ती आळसाची नव्हे, तपासणीची बाब आहे. आपल्या भागात पहिला संशय रक्तक्षयाचा घ्यावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन महिलांमध्ये १२ आणि पुरुषांमध्ये १३ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर कारण शोधून उपचार घ्यावेत.

सिकलसेल असेल तर धावावे का?

सातपुड्याच्या पट्ट्यातील अनेक आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचा गुण आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहाडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यात तपासणी आणि समुपदेशनावर भर आहे. तुमची तपासणी झाली नसेल तर स्पर्धेत उतरण्यापूर्वी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात ती करून घ्या.

‘एएस’ म्हणजे वाहक. हा आजार नाही. वाहक व्यक्ती धावू शकते आणि यादीत पहिलीही येऊ शकते. अमेरिकी लष्करातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले नाही. पण अतिश्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका ५४ टक्क्यांनी जास्त दिसला. म्हणून वाहकांनी काही पथ्ये पाळावीत. सराव टप्प्याटप्प्याने वाढवावा. पहिल्याच आठवड्यात जिवाच्या आकांताने, विश्रांती न घेता फेऱ्या मारू नयेत. ऊन टाळावे, तहान लागली की पाणी प्यावे, ताप किंवा जुलाब असताना धावू नये. पायांत वा कमरेत अचानक दुखणे, कमजोरी, धाप सुरू झाली तर तिथेच थांबावे. लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तोरणमाळची उंची स्वतः धोकादायक म्हणण्याइतकी नाही. घाटाचा चढ आणि ऊन मात्र त्रास देऊ शकतात.

‘एसएस’ म्हणजे प्रत्यक्ष आजार. अशा रुग्णांनी वेळेच्या शर्यतीत उतरू नये. चालणे, हलका व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर करावा. हायड्रॉक्सीयुरियासारखी चालू औषधे बंद करू नयेत. शरीरातील पाणी कमी होणे, थंड पाणी आणि अतिश्रम यांमुळे वेदनेचा झटका येऊ शकतो. सिकलसेल असलेल्यांनी ‘रक्त वाढावे’ म्हणून लोहाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. लोहाची कमतरता तपासणीत दिसली तरच त्या लागतात.

भरती किंवा स्पर्धा तोंडावर आहे म्हणून मुले निकाल लपवतात. घरच्यांनी त्यांना हे सांगावे: वाहक असल्याने धावणे बंद होत नाही. फक्त सरावाची पद्धत बदलते, आणि ती बदलायची तर निकाल माहीत असावा लागतो.

यादीत जे दिसत नाहीत

विजेत्यांच्या यादीत वाटेत कोसळलेला माणूस कधीच नसतो. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख जणांपैकी ५९ जणांचे हृदय धावताना बंद पडले; त्यांपैकी ४२ दगावले. पुढे २०१० ते २०२३ या काळात २ कोटी ९० लाखांहून अधिक जण धावले, तेव्हा हृदय बंद पडण्याचे प्रमाण साधारण तेवढेच राहिले. पण दगावणाऱ्यांचे प्रमाण दहांत सातवरून तिघांत एकावर आले. लगेच छाती दाबणे आणि हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र वेळेत मिळणे, हे यामागचे महत्त्वाचे कारण मानले जाते.

दुसरा धोका उलट दिशेचा आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळले. धावताना गरजेपेक्षा जास्त पाणी पिऊन वजन वाढलेल्यांत आणि चार तासांहून जास्त वेळ धावणाऱ्यांत हा धोका अधिक होता. म्हणजे तो शर्यतीत मागे असलेल्यांचा त्रास आहे. तहानेप्रमाणे प्या, प्रत्येक टेबलावर ग्लास रिकामा करण्याची गरज नाही.

स्पर्धेपूर्वी डॉक्टरांना कोणी भेटावे?

- चाळिशीनंतर प्रथमच स्पर्धेत उतरणारे.
- मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले.
- तंबाखू, विडी, सिगारेटचे व्यसन असलेले.
- धावताना छातीत दुखलेले, भोवळ आलेले, किंवा घरात कमी वयात अचानक मृत्यू झालेला असलेले.
- सिकलसेल वाहक वा रुग्ण आणि गर्भवती महिला.

अंगदुखी टाळण्यासाठी शर्यतीपूर्वी वेदनाशामक गोळी घेऊ नका. शरीरातील पाणी कमी असताना ती मूत्रपिंडाला इजा करू शकते. ताप येऊन गेला असेल तर पूर्ण बरे वाटेपर्यंत स्पर्धा सोडा.

कुणी कोसळले तर

*बेशुद्ध आहे आणि श्वास नाही, किंवा फक्त आचके येत आहेत:* १०८ ला फोन करा. छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका.

*अंग तापलेले, बडबड, गोंधळ, तोल जाणे:* हा उष्माघात समजा. आधी थंड करा, मग हलवा. सावलीत नेऊन कपडे सैल करा, भरपूर थंड पाणी ओता, ओली फडकी बदलत राहा, वारा घाला. शुद्ध नीट नसेल तर तोंडाने पाणी पाजू नका.

थोडक्यात

विजेत्यांची यादी गावाचा अभिमान असते. ती नीट जपावी आणि त्यातील प्रत्येक वेळेशेजारी अंतर, रस्ता, तारीख आणि तापमान असावे. तुमच्या तब्येतीचे मोजमाप मात्र त्या यादीत नाही. ते तुमच्या स्वतःच्या वहीत असते: किती अंतर, किती वेळ, दुसऱ्या दिवशी कसे वाटले. स्पर्धेच्या तयारीत शंका आली तर हीच वही आणि सिकलसेलचा निकाल घेऊन डॉक्टरांकडे या. नेमका सल्ला देणे त्यामुळे सोपे जाते.